नवा लॅपटॉप, जुना पेनड्राइव्ह

सोलापूरच्या पूर्व भागातून २४ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. वडिलांचा चादरींचा छोटा कारखाना, ८ माग. दोन-अडीच वर्षांपूर्वी घरातल्या रखडणाऱ्या लॅपटॉपवर तिनं लिनक्स मिंट ही विंडोजसारखी, पण मोफत प्रणाली टाकली, तो पुन्हा पळायला लागला आणि वडिलांचा तिच्यावर विश्वास बसला. या दिवाळीत तिच्याच सांगण्यावरून नवा लॅपटॉप आला, जुना धाकट्या भावाला अभ्यासाला दिला. पहिल्याच संध्याकाळी तिनं नव्यावरचं विंडोज पुसून मिंट टाकलं. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड सगळं ठीक. वायफायचं चिन्हच नाही. ६५० रुपयांचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफाय कार्ड, आणला, तोही चालेना. मग इंटरनेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक चिकटवल्या, तर आता लॅपटॉप सुरू होतानाच एरर येतात. दुकानदार म्हणतो, 'लिनक्सवर वायफाय चालतच नसतंय.' भाऊ म्हणतो, 'विंडोज टाक आणि विषय संपव.' वडील काहीच बोलत नाहीत, बिलं मोबाईलवर करायला लागलेत. तिचा प्रश्न असा: विंडोज परत टाकू, लॅपटॉप परत करू, की असंच झगडत राहू? 'आणि मला यातलं खरंच काही कळतं का?'

तुझं पत्र पोचलं. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीतच लिहिते.

पत्रात तू एक वाक्य ओघात लिहून पुढे गेली आहेस: 'जुन्या लॅपटॉपच्या वेळी केलेला पेनड्राइव्ह कपाटात होताच, तोच लावला.' मी त्या वाक्यापाशी थांबले. मग तू जोडलेला फोटो मोठा करून पाहिला. मिंटच्या सिस्टीम रिपोर्टमधला नेटवर्कचा भाग त्यात आहे. कार्डाचं नाव रिअलटेक आरटीएल ८८५२ बीई, त्यापुढे ड्रायव्हर: एन/ए, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रामच नाही. वर कोपऱ्यात कर्नेल ५.१५. तुझ्या दुखण्याचं कारण या तीन गोष्टींत आहे, आणि तू ते स्वतःच्या हातानं मला पाठवलंस. ज्याला यातलं काही कळत नाही, तो हा फोटो काढत नाही.

वस्तू जितकी नवी तितकी ती बिनबोभाट चालणार, असं आपण धरून चालतो. फ्रिजचं, मिक्सरचं तसं असतंही. लिनक्सवरच्या वायफायचं बरोबर उलटं आहे. तुझा जुना लॅपटॉप एका फटक्यात चालला, कारण तो जुना होता. त्याच्या कार्डाची ओळख तोवर लिनक्सला कधीच होऊन गेली होती.

हे ओळख होणं म्हणजे काय ते सांगते. लिनक्समध्ये बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर कंपनीच्या सीडीवरून येत नाहीत, ते प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येच असतात. साधारण ९-१० आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या कार्डांचे ड्रायव्हर भरत जातात. पण उबुंटू ही लिनक्सचीच एक प्रणाली आणि तिच्यावर उभं असलेलं मिंट त्यातली एक आवृत्ती निवडतात, तिच्यावर थांबतात आणि स्थिर म्हणून तीच आपल्या हाती देतात. मिंट २१ निघालं जुलै २०२२ मध्ये. त्यातलं कर्नेल ५.१५, म्हणजे ऑक्टोबर २०२१ चं. तुझ्या कार्डाचा ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये आला तो ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. मधल्या सव्वा वर्षाच्या फटीत तुझा नवा लॅपटॉप अडकला आहे. कार्ड बिघडलेलं नाही आणि लिनक्सलाही ते चालवता येतं. फक्त तुझ्या कपाटातल्या पेनड्राइव्हला ते ठाऊक नव्हतं.

तुमच्याकडे एखाद्या मागावर जुनं जेकार्ड असेल, तर पुढचं तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. जेकार्ड नुसतं बसवलं म्हणून चादरीवर मोर उमटत नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर चढवावी लागते. कुठल्या ओळीला कुठले धागे उचलायचे ते त्या भोकांत असतं. माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी कमळ येतं. आणि माळ चढवली, पण माग चालवणाराच आला नाही, तरी चादर निघत नाही. वायफाय कार्डालाही ही दोन्ही लागतात. माग चालवणारा म्हणजे ड्रायव्हर, तो कर्नेलमध्ये. पुठ्ठ्यांची माळ म्हणजे फर्मवेअर, कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली एक छोटीशी फाइल. ती लिनक्स-फर्मवेअर नावाच्या पॅकेजमध्ये असते आणि लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर ती कार्डात चढवतो. तुझ्याकडे आत्ता दोन्ही जुनी आहेत. म्हणून एकट्या ड्रायव्हरच्या मागे लागून भागणार नाही.

या माळेवरून लिनक्सवाल्यांत मोठे वादही झालेत. तिचा सोर्स कोड खुला नसतो, म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीनं बरीच वर्षं ती आपल्या अधिकृत इन्स्टॉलरच्या बाहेर ठेवली होती. २०२२ मध्ये त्यांच्यात मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरमध्येच येते. तुला हे सांगायचं कारण वेगळं आहे. २०१९-२० च्या एखाद्या लेखात 'आधी फर्मवेअर वेगळं उतरवा' असं वाचलंस, तर तो लिहिणारा त्या दिवशी बरोबर होता. लिनक्सवरच्या सल्ल्यावर तारीख पाहायची असते, आपण दुधाच्या पिशवीवर पाहतो तशी. तू चिकटवलेल्या आज्ञांमधल्या दोन मला तुझ्या कार्डाच्या वाटल्याच नाहीत, त्या रिअलटेकच्याच जुन्या, वेगळ्या चिपच्या आहेत.

त्या आज्ञांनी नेमकं काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. अशा सूचनांत बहुधा तीन गोष्टी असतात. कुणीतरी कर्नेलच्या बाहेर ठेवलेला ड्रायव्हर उतरवून आपल्या मशीनवर तयार करायचा. तो कर्नेलमध्ये बसवायचा. आणि मूळ ड्रायव्हर आड येऊ नये म्हणून एका फाइलमध्ये त्याला बंदी घालायची. ही तिसरी गोष्ट फार त्रास देते. पुढे कर्नेल नवं आलं, खरा ड्रायव्हर त्यात आला, तरी तुझ्याच हातची ती बंदी त्याला दारात अडवते आणि माणूस महिनाभर विचार करत बसतो की आता काय राहिलं. शिवाय लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल, तर बाहेरचा ड्रायव्हर सहीशिवाय आत घेतलाच जात नाही. सही नोंदवायची संधी पुढच्या रीस्टार्टला एका निळ्या पडद्यावर येते. ती काही सेकंदच थांबते, आणि घाईत आपण 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतो. तुला आलेला 'की रिजेक्टेड'चा संदेश तिथलाच आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: ही गाठ सोडवत बसू नकोस. लॅपटॉप नवा आहे, त्यात अजून फारसं काही साठलेलं नाही. जी चार बिलं असतील ती दुसरीकडे उतरवून घे आणि स्वच्छ, नव्या आवृत्तीनं सुरुवात कर.

पण त्याआधी आजचं काम. घरात बिलं अडली आहेत म्हणून तुझ्यावर जो दाब आहे, तो वायफायचा नाही, नेटचा आहे. ते आत्ता, दहा मिनिटांत मिळतं. वडिलांचा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोड, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेथरिंग' चालू कर. लिनक्सला हे तारेचं नेटवर्क वाटतं, त्याला वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, मोबाईलचा डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर हा पर्याय फिकट दिसतो आणि दाबला जात नाही. लॅपटॉपला लॅनचं भोक असेल तर आणखी सोपं, राउटरपासून एक वायर ओढ.

नेट सुरू झालं की घाई संपली. उरलेलं रविवारी कर.

भावाकडून जुना लॅपटॉप तासभर माग. त्यावर मिंट २२ किंवा त्यानंतरची आवृत्ती उतरव, साधारण ३ जीबीची फाइल आहे. मिंटच्याच मेनूत यूएसबी इमेज रायटर असतो, त्यानं ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरव. कपाटातलाच पेनड्राइव्ह घे, जुनं आपोआप पुसलं जाईल. मिंट २२ मध्ये कर्नेल ६.८ आहे, म्हणजे तुझ्या कार्डाची ओळख झाल्यानंतरचं. आता नवा लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू कर आणि इन्स्टॉलचं चिन्ह दाबू नकोस. मिंट तसंच उघडतं, डिस्कला हात न लावता. उजव्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मार. तुझ्या घराच्या, शेजारच्यांच्या राउटरची नावं खाली उलगडली पाहिजेत. घरचा पासवर्ड घाल, एक पान उघडून बघ, लॅपटॉप घेऊन कारखान्याच्या खोलीपर्यंत जाऊन ये. सगळं नीट असेल तरच इन्स्टॉल कर.

नावं उलगडली नाहीत तर पुन्हा सिस्टीम रिपोर्ट उघड. ड्रायव्हरपुढे आता आरटीडब्ल्यू ८९ (rtw89) ने सुरू होणारं नाव हवं. ते नाव आहे आणि तरी वायफाय नाही, असं असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही आज्ञा दे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे येस दिसलं तर ते विमान मोडमुळे असतं आणि प्रणालीतून सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे येस असेल तर कीबोर्डवरचं वायफायचं बटण किंवा लॅपटॉपच्या मूळ व्यवस्थेतली, म्हणजे बायोसमधली, सेटिंग पाहायची. त्यानंतरही अडलं तर मला फोटो पाठव, पण काही चिकटवण्याआधी.

इतर वाचकांपैकी कुणाची प्रणाली चांगली चाललेली असेल आणि फक्त कार्ड नवं बसवलं असेल, तर त्यांना सगळं पुसायची गरज नाही. मिंट २१ च्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली लिनक्स कर्नेल्सची यादी आहे. फोनच्या केबलवरून नेट घेऊन तिथून नवं कर्नेल बसवता येतं, सोबत लिनक्स-फर्मवेअरही अद्ययावत होऊ द्यायचं. जुनं कर्नेल लगेच काढू नका. नव्यात काही बिनसलं तर सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्यावर परत येता येतं.

आता डोंगल. तुझा डोंगल लावल्यावर डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह उगवतं आणि उघडलं तर आत विंडोजची सेटअप फाइल दिसते, असं तू लिहिलंस. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं, आणि अगदी असल्याच एका डोंगलवर मी सलग तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. असे डोंगल आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजला ड्रायव्हर त्यांच्याच पोटातून मिळावा. त्या सीडीच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'इजेक्ट' केलं की अनेकदा सोंग उतरतं आणि खरं कार्ड समोर येतं. तिसऱ्या संध्याकाळी मी वैतागून इजेक्ट केलं आणि डोंगलचा हिरवा दिवा लुकलुकला. खरं कार्ड समोर आल्यावर मात्र पुन्हा तोच प्रश्न उरतो: त्या चिपचा ड्रायव्हर तुझ्या कर्नेलमध्ये आहे का? दुकानात डोंगल घेताना अडचण ही की खोक्यावरचं मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतली चिप बदलते. बारीक अक्षरात 'व्ही २', 'व्ही ३' लिहिलेलं असतं, ते पाहायला हवं. म्हणून मी नवख्यांना डोंगलच्या वाटेला पाठवत नाही.

तुझ्या दुकानदाराला खोटं पाडायची गरज नाही. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर त्यानं हेच पाहिलं असणार, आणि एके काळी ते बरंचसं खरंही होतं. आम्ही लॅबमध्ये एनडीआयएसरॅपर नावाची युक्ती वापरायचो, विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सला गुंडाळून देणारी. चालली तर चालली. आज रिअलटेक, मीडियाटेक, इंटेल या तिन्ही कंपन्यांचे अभियंते स्वतः कर्नेलसाठी ड्रायव्हर लिहितात. आणि तुझे वडील ज्या अँड्रॉइड फोनवर बिलं करतायत, त्याच्याही गाभ्यात लिनक्सचंच कर्नेल आहे. त्यांचं वायफाय रोज चालतंय.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलते. ते गप्प आहेत म्हणजे नाराज आहेत, हे तू धरून चालली आहेस. तू त्यांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. बिल काढायचं होतं, लॅपटॉप बंद होता, फोन हातात होता, म्हणून त्यांनी फोनवर काढलं, इतकंच असू शकतं. मागावर धागा तुटला की ते माग थांबवतात, गाठ मारतात आणि पुढे चालू करतात. दिवसातून किती वेळा, ते तू लहानपणापासून बघते आहेस. त्यांच्याशी आज संध्याकाळी बोल. 'बाबा, नेट आजपासून केबलवर चालेल, वायफायसाठी मला रविवार द्या', एवढं पुरे आहे.

त्यासोबत एक गोष्ट त्यांच्याजवळ कबूलही कर, कारण तिथे तुझं चुकलं. घराचा धंदा ज्या मशीनवर चालणार, तिच्यावरचं विंडोज पहिल्याच संध्याकाळी, पेनड्राइव्हवरून काहीही तपासून न पाहता पुसायला नको होतं. तुझा स्वतःचा लॅपटॉप असता तर मी काही म्हटलं नसतं.

विंडोज कायमचं गेलं असं मात्र समजू नकोस. विंडोजसकट विकलेल्या आजच्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते. उद्या परत टाकलंस तर ते स्वतःच ओळखून घेतं, नवे पैसे मोजावे लागत नाहीत. टाकायचं की नाही, हे वायफायवरून ठरवू नकोस, कामावरून ठरव. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, त्याला लिनक्स चालतं. तुमच्या सीएंना टॅलीतला डेटा लागत असेल तर टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, तेव्हा शेजारी शेजारी दोन्ही ठेवणं शहाणपणाचं. तसं केलंस तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद कर. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, वायफाय कार्ड अर्धवट अवस्थेत सोडतं आणि मग लिनक्समध्ये कार्ड गायब झाल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप परत करू नकोस. त्याच्यात दोष नाही.

फार झालं तर शेवटचा मार्ग कार्डच बदलायचा, पण वॉरंटीच्या अटी वाचल्याशिवाय झाकण उघडू नकोस. बहुतेक लॅपटॉपांत हे कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं असतं, एका स्क्रूवर बसलेलं, वर केसासारख्या दोन अँटेनाच्या तारा टिचबटणासारख्या दाबलेल्या. काही लॅपटॉपांत ते बोर्डावरच डकवलेलं असतं, मग बदलायचा प्रश्नच मिटतो. सुटं असेल तर इंटेलचं एएक्स २१० हे लिनक्सवर चांगलं चालतं, कर्नेल ५.१० पासून. फक्त नावात फसू नकोस: एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला तशीच असतात, पण ती इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांसोबत चालतात. एएमडीच्या मशीनमध्ये बसवलीस तर खाचेत नीट बसतील आणि काहीच करणार नाहीत.

हे पत्र वाचून कुणी नवा लॅपटॉप घ्यायला निघालं असेल तर खिशात तो ताजा पेनड्राइव्ह ठेवा. दुकानदाराला विनंती करून त्यावरून मशीन सुरू करून पाहा. नवी पेठेत गर्दीच्या वेळी कुणी तयार होणार नाही, सकाळी दुकान उघडताना जा. नाहीच म्हणाला तर निदान वायफाय कार्डाचं नाव विचारून घ्या आणि ते कुठल्या कर्नेलपासून चालतं ते घरी येऊन शोधा.

तू आज केबल जोड. आणि डोंगलचं बिल जपून ठेवलं असशील तर तो खोक्यासकट सोमवारच्या आत दुकानात नेऊन दे, ६५० रुपयांत चांगली डेटा केबल आणि एक नवा पेनड्राइव्ह येतो.